मांडीतून स्टेंट घातला म्हणजे काम झालं?

रामबागची लेक: काल इथे कुणीतरी लिहिलं, "छातीतल्या महाधमनीसाठी आता छाती उघडत नाहीत. मांडीतून स्टेंट, चौथ्या दिवशी घरी, विषय संपला." विषय संपत नाही हो! माझ्या बाबांचं टाइप बी डिसेक्शन होतं, म्हणजे महाधमनीचा आतला थर फाटलेला, पण हृदयालगतच्या चढत्या भागात नाही, त्याच्या पुढे. टेव्हार, म्हणजे तोच मांडीतून घातलेला स्टेंट, झालं, महिनाभरात राजवाड्यापर्यंत चालायला लागले. दरवर्षी सीटी अँजिओ (डाय टोचून धमनीचा स्कॅन) करा, ही ओळ डिस्चार्जच्या कागदावर होती, पण तोंडाने कुणी सांगितलं नाही. तीन वर्षांनी पाठ दुखायला लागली तेव्हा कळलं, स्टेंटच्या कडेने रक्त शिरून फुगा वाढतोय. पुन्हा टेबलावर.

स्नेहलतागंजवाला: ताई, बाबांना दुसरी संधी तरी मिळाली. माझ्या काकांची १९९८ मध्ये बरगड्यांमधून डावी बाजू उघडली. दोन्ही पाय गेले ते गेलेच. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. मायकेल डेक १९९२ मध्ये स्टेंट घालत होते, आमच्यापर्यंत तेव्हा पोचलं नव्हतं. तुमचं वाचून एखादे आजोबा ऑपरेशनच टाळतील.

रामबागची लेक: टाळा असं कुठे लिहिलंय? आणि पायांचा लकवा टेव्हारमध्येही होतो. कमी जणांना होतो, एवढंच. चढत्या भागात फाटलं तर आजही छाती उघडावीच लागते.

सुदामानगरची काकू: अरे, फाटतं कशामुळे ते बोला ना! बीपी! आपल्याकडे पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावण मसाला, आणि गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद.

स्नेहलतागंजवाला: शेवेचा काय संबंध? काका शेवेला हात लावत नव्हते. आजारी माणसालाच दोषी ठरवायची ही सवय सोडा.

सुदामानगरची काकू: दोष देत नाही. सासऱ्यांची गोळी चार वर्षं मी हातावर ठेवत होते. दहा दिवस माहेरी गेले, तेवढ्यात बंद झाली. अकराव्या रात्री खांद्यांच्या मधे कापल्यासारखं दुखलं. गॅस समजून सगळ्यांनी ओवा दिला. मी असते तर, हे अजून डोक्यातून जात नाही.

स्नेहलतागंजवाला: काकू, चुकलं माझं. हे ठाऊक नव्हतं.

मनोरमागंज, कॅथलॅब नर्स: काकूंचा मुद्दा सोडू नका. इन्स्टेड चाचणीत गुंतागुंत नसलेल्या टाइप बीचे १४० रुग्ण होते. दोन वर्षांनी स्टेंटवाले आणि नुसत्या औषधांवरचे यांच्या जगण्यात ठळक फरक नव्हता. पाच वर्षांनी धमनीमुळे झालेले मृत्यू स्टेंट गटात ६.९ टक्के, दुसऱ्यात १९.३. बीपीची औषधं मात्र दोन्हीकडे चालूच होती. आमच्याकडे स्टेंट झाला की घरचे आधी त्या गोळ्या बंद करतात. दर महिन्याला पाहते, संताप येतो.

स्नेहलतागंजवाला: म्हणजे पाच वर्षांचा आकडा माझ्याच बाजूचा.

रामबागची लेक: पाच वर्षं कुणीतरी त्यांना बोलावून तपासलं, भाऊ. बाबांना कुणी बोलावलं नाही.

स्नेहलतागंजवाला: बरं. ती ओळ तोंडाने सांगायलाच हवी होती, मान्य. तरी "विषय संपत नाही" याच्या आधी "बाबा चालत होते" हे मोठ्या अक्षरांत लिहा.

रामबागची लेक: लिहिते. पुढचा सीटी सोमवारी आहे. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं थकलीत, आणि सीटीच्या डायचा त्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून धाकधूक.

मनोरमागंज, कॅथलॅब नर्स: सोमवारची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. फुग्याचा आकार बिनडायच्या सीटीतही मोजता येतो. गळती बघायला डाय लागेलच का, ते त्यांनाच ठरवू द्या. आणि जुना सीटी सोबत न्या, नुसता रिपोर्ट नाही, सीडी.