‘लहान टीमला ट्रेसिंग कशाला?’ म्हणणाऱ्यांना

मिहानकर
काल इथे एकाने लिहिलं की ऑब्झर्वेबिलिटी (सिस्टिमच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळणं) आणि त्यातलं ट्रेसिंग (एका विनंतीचा सगळ्या सर्व्हिसेसमधला प्रवास नोंदवणं) हे मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे, लहान टीमने लॉगवर ग्रेप मारावा, म्हणजे नोंदींत शब्द शोधावा, आणि निवांत झोपावं. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय.

एका वेब पानामागे आतल्या सर्व्हिसेसना शंभर कॉल जात असतील, सगळ्यांचं उत्तर लागत असेल आणि प्रत्येक कॉल शंभरात एकदाच रखडत असेल, तरी शंभरातली ६३ पानं रखडतात. गूगलच्या डीन आणि बारोसो यांनी २०१३ मध्येच हे मांडलंय. सरासरीच्या आलेखात ते दिसत नाही. पी-९९ मध्ये (शंभरातल्या ९९ विनंत्या जेवढ्या वेळात आटोपतात तो आकडा) दिसतं, पण गाडी नेमकी कुठे अडकली ते पी-९९ सांगत नाही. आमच्याकडे पेमेंट झालं की ऑर्डर क्यूमध्ये पडायची, पलीकडची सर्व्हिस ती उचलायची. मेसेजमध्ये ट्रेस आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) पुढे पाठवलेलाच नव्हता. अलीकडचा लॉग म्हणे ‘यशस्वी’, पलीकडे त्या ऑर्डरचा मागमूस नाही. सांगा, ग्रेप कशावर मारायचा?

धरमपेठ_मोनोलिथ
शंभर कॉल मुळात जातात कशाला? मूठभर माणसं, सर्व्हिसेस ढीगभर, आणि मग त्या शोधायला आणखी अवजारं! प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये सगळं एका प्रोसेसमध्ये आणलं, खर्च ९० टक्क्यांनी उतरला.

आणि तुमच्या अवजारांचं काय? आमच्याकडे एकाने प्रोमिथियसच्या (सर्व्हिसेसची मोजमापं साठवणारं अवजार) लेबलमध्ये युजर आयडी टाकला. प्रत्येक युजरमागे आकड्यांची नवी सिरीज. ऐन सेलमध्ये मेमरी संपली आणि प्रोमिथियसच आडवा झाला.

मिहानकर
प्राइम व्हिडिओचं नीट वाचा. ते व्हिडिओची गुणवत्ता तपासणाऱ्या एका सर्व्हिसपुरतं होतं. आणि युजर आयडी लेबलमध्ये घालायचा नसतो, ट्रेसमध्ये घालायचा असतो. हेच तर शिकायचंय!

रात्रपाळी
भाऊ, तुम्ही दोघं मोठमोठ्या गोष्टी करून राहिले, पण रात्री दोनला फोन कोण उचलतं? डिझाइन पुण्यात, कोड बंगलोरात आणि डॅशबोर्डसमोर नागपूर. मागच्या नोकरीत मी ट्रेस उघडून दाखवला: इन्व्हेंटरीचा कॉल टाइमआउट होतो, वरचा थर रीट्राय करत तोच कॉल एकूण तीनदा करतो, त्याच्या वरचाही एकूण तीनदा. एका विनंतीच्या नऊ झाल्या, बॅकऑफ (दर वेळी आणखी थांबून प्रयत्न करणं) नाही, डेटाबेस गुदमरून राहिला. माझ्याकडे साध्या रीस्टार्टचाही अॅक्सेस नव्हता. रनबुकमध्ये (बिघाड झाला तर काय करायचं त्या सूचनांत) काय, तर ‘संबंधित टीमला कळवा’. संबंधित टीम झोपलेली. सकाळी आरसीएमध्ये (बिघाडाच्या मूळ कारणाच्या तपासात) आलं, ‘नागपूरकडून कळवण्यास विलंब’.

धरमपेठ_मोनोलिथ
नाइट शिफ्टच्या तक्रारीसाठी वेगळा धागा काढा ना.

बर्डी_बॅकएंड
वेगळा काऊन? मी इथे फ्रेशर म्हणून लागले तेव्हापासून हेच बघते आहे. सपोर्टमधून डेव्हलपमेंटला जायचं म्हटलं की मॅनेजर विचारतो, पुण्याला शिफ्ट होणार का? आई-बाबा इथे, घर इथे. गाव सोडल्याशिवाय रेपोचा (कोड ठेवतात त्या जागेचा) अॅक्सेस मिळत नाही, हा कुठला न्याय?

धरमपेठ_मोनोलिथ
कंपन्या क्लायंट बघून ठरवतात. रडून काय होणार?

बर्डी_बॅकएंड
रडणं म्हणू नका. ज्यांच्या झोपेवर तुमचं अपटाइम चालतं त्यांच्याशी नीट बोला.

मिहानकर
माझा मुद्दा ट्रेसिंगचा होता, पण रात्रपाळीचं पटतंय, मानावंच लागेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे बीजीपी रूट (बाकी इंटरनेटला तिथला रस्ता सांगणाऱ्या नोंदी) गेले, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) गायब झालं. दुरुस्तीची आतली अवजारंही त्याच नेटवर्कवर होती, शेवटी माणसं डेटा सेंटरला पाठवावी लागली. बिघाडापर्यंत हात पोचलाच नाही तर ट्रेस नुसता बघत बसायचा.

धरमपेठ_मोनोलिथ
ठीक आहे. रीट्राय एकाच थरात, बॅकऑफ आणि जिटरसह (थांबण्याची वेळ थोडी मागेपुढे करून), आणि ट्रेस आयडी पहिल्या दिवसापासून. एवढं मान्य. ढीगभर सर्व्हिसेस मात्र मान्य नाहीत आणि होणारही नाहीत. शिफ्टबद्दल तोडून बोललो, तेवढं मागे घेतो.

रात्रपाळी
मागे घेऊन आमच्या अॅक्सेसचं काय? जो ऑन-कॉल आहे, म्हणजे बिघाडाचा फोन ज्याला येतो, त्याला रीट्राय बंद करायचा फ्लॅग (कोड न बदलता चालणारं बटण) द्या, ट्रॅफिक कमी करायचा हक्क द्या, आणि आरसीएच्या मीटिंगला बोलवा. तुमच्यापैकी कोणाच्या टीममध्ये हे आहे? असेल तर सांगा, मी रेझ्युमे पाठवतो.