भाडेनियंत्रण सगळ्याच राहत्या घरांना लावावं का?

वडगावकर_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात दोन खोल्यांत सहा वर्षं राहूलालोय, भाडं 6500, आता मालक म्हणतात पुढच्या महिन्यापासून 9000 द्या नाहीतर घर खाली करा. पावसात स्वयंपाकघराच्या कौलातून पाणी गळतंय, चुलीशेजारी पातेलं ठेवून रात्र काढतो आम्ही, त्याचं कोण नाव काढत नाही. वकील म्हणाले कर्नाटकचा 1999 चा भाडे कायदा तुम्हाला लागूच नाही, मोठ्या शहरात पण 3500 च्या आतल्या भाड्यालाच तो. 3500 त आता घर कुठं मिळतंय सांगा की! ही मर्यादा काढून टाकावी का?

शहापूरची_वहिनी:
मी घरमालकीण, माझंही ऐका. आमच्या वाड्यात 1947 च्या मुंबईच्या भाडे कायद्यापासूनचे (बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात) भाडेकरू होते, मग 1961 चा इथला कायदा आला, भाडं शेवटपर्यंत 45 रुपये आणि घरपट्टी त्याच्या वर. 2019 च्या पावसात मागची भिंत बसली, बांधायला पैसे आणायचे कुठून? भाडं गोठवलं की घर मातीत जातं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

अनगोळचा_दादा:
वहिनी, गोठवा कोण म्हणतंय? महाराष्ट्रात जुन्या भाडेकरूंना वर्षाला 4 टक्के वाढ आहे, तसं धरलं तर 6500 चे 6760 होतात, 9000 नाही. (तिथं पण लिव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर राहणारे, त्यात येत नाहीत, ते वेगळं.) आणि केंद्राच्या 2021 च्या नमुना कायद्यात डिपॉझिट दोन महिन्यांचंच, पण तो राज्यानं मंजूर केला तरच, आणि भाड्याला त्यात लगाम नाहीच. माझ्याकडून डिपॉझिट म्हणून दहा महिन्यांचा अॅडव्हान्स घेतलाय, बायकोच्या पाटल्या ठेवून भरला.

टिळकवाडी_सध्या_बाहेर:
माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथं गावोगावच्या नगरपालिकांना भाडेनियंत्रण वाढवायची मोकळीक द्यायचा प्रस्ताव लोकांनी 2018, 2020 आणि 2024 ला मतदानात पाडला, नवीन बांधकाम थांबेल ही भीती. पण 2020 पासून राज्यभर बऱ्याच घरांना वर्षाला 5 टक्के आणि त्यात महागाईचा दर मिळवून, जास्तीत जास्त 10 टक्के, एवढीच वाढ करता येते, आणि 15 वर्षांच्या आतल्या इमारती त्यातून बाहेर. मला हे पटतं, बांधणाऱ्यालाही धीर आणि राहणाऱ्यालाही.

वडगावकर_भाडेकरू:
आम्हाला पण एवढंच पाहिजे. फुकट कोण मागूलालाय? आई 74 वर्षांची, दवाखाना चालत जाण्यासारखा, म्हणून इथनं हलायचं नाही. मालकांना लिहून देतो, 7000 घ्या पण आधी कौलं शाकारून द्या. वहिनी, तुम्ही घेतले असते का?

शहापूरची_वहिनी:
घेतले असते. सहा वर्षं वेळेवर भाडं देणारं घरातलं माणूस मी घालवलं नसतं. आणि कौलं मृगाच्या आधीच शाकारून घ्या, नंतर गवंडी मिळत नाही.