मदत हवी आहे: ग्रुपमधल्या भांडणासाठी 'सर्कल' (सगळ्यांनी गोल बसून, मध्ये एक जण धरून बोलणं) घ्यायचंय, ताईंवर दबाव न येता कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण वाचा प्लीज.

पुण्यात नदीसाठी काम करणारा आमचा छोटा गट आहे, रजिस्टर वगैरे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीसेक जण, प्रत्यक्ष येणारे पंधरा. मुठेकाठची झाडं मोजायची, महापालिकेत हरकती-सूचना टाकायच्या, रविवारी काठाने फेरी. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका वस्तीतही मदतीला गेलो होतो आणि तिथल्या एक ताई तेव्हापासून आमच्यात आल्या. घरकाम करतात. त्यांच्यामुळे अजून सहा बायका आल्या आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच आमचा गट नुसता कोथरूड-एरंडवण्याचा राहिला नाही.

पावसाळ्याच्या तयारीला वर्गणी काढली होती, त्यातले साडेआठ हजार रोख ताईंकडे दिले, बोहरी आळीतून ताडपत्र्या आणि दोर आणायला. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला एका काकांनी (रिटायर्ड, बँकेत होते, मनापासून काम करतात) ग्रुपवर टाकलं की ताई, हिशोब आजच्या आज टाका, लोकांचा पैसा आहे. आता त्याच्या आधी बॅनर आणि स्पीकरवर बारा हजार गेले होते ते आमच्याच एकाने खर्च केले, त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ताईंना फारसं वाचता येत नाही, तो मेसेज त्यांच्या दहावीतल्या लेकीने वाचून दाखवला. रविवारी म्हात्रे पुलाजवळ फेरीला ताई आल्या, पिशवीतून सगळी बिलं काढून कट्ट्यावर ठेवली, वर उरलेले एकशे दहा रुपये ठेवले आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या नाहीत आणि त्या सहाजणीही नाहीत.

काकांनी दोन दिवसांनी "कोणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं टाकलं, पुढे हात जोडलेले. ते म्हणतात मी पारदर्शकता मागितली, यात चूक काय. आणि मला सगळ्यात जास्त खुपतंय ते हे की त्या रात्री चाळीस जणांनी तो मेसेज वाचला, मीही वाचला, आणि कोणीच लिहिलं नाही की बारा हजारांचा पण हिशोब टाकूया. म्हणून मला हे दोघांचं भांडण वाटतच नाही.

सर्कल ज्यातून येतं त्या रिस्टोरेटिव्ह जस्टिसबद्दल मी थोडं वाचलंय. कोणता नियम मोडला, काय शिक्षा द्यायची हे न विचारता कोणाला काय लागलं, त्यांना आता काय हवंय आणि ते भरून काढणं कोणाचं काम, हे विचारायचं. १९७४ मध्ये कॅनडात एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली होती, कोर्टाने त्यांना घरोघरी जाऊन त्या लोकांना भेटायला आणि नुकसान भरून द्यायला लावलं, तिथून हे पसरलं म्हणतात. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटलं की ज्यांनी केलं ते दारात गेले, ज्यांचं नुकसान झालं त्यांना कुठे बोलावलं नाही. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी म्हणतायत ताईंना कोणाच्या तरी घरी बोलवा, चहा पाजा, मिटवून टाका. मिटणार कोणाचं?

आणि त्या सहाजणींपैकी एकीला फोन केला तर ती म्हणाली, पंचायत भरवताय का? मी गप्पच झाले. आपल्याकडे जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, तिथे दहा जण गोल करून बसणार म्हटल्यावर बाईला धडकी भरणारच ना.

तर विचारायचंय ते असं. माझी दोघांशीही ओळख आहे, मग मध्ये मी बसावं का बाहेरचं कोणी? ताई नको म्हणाल्या तर काय? आणि काकांनी तिथेही "मी फक्त हिशोब मागितला" हेच धरून ठेवलं तर ताईंना दुसऱ्यांदा लागेल त्याचं काय?

प्रतिसाद

आमच्या गटात दोनदा केलंय, एकदा जमलं, एकदा पार फिसकटलं. फिसकटलं कारण आधी वेगवेगळं भेटलोच नव्हतो. काकांना एकटं दोन-तीनदा भेटा, बारा हजारांचं नीट दाखवा, त्यांना ते स्वतःच्या तोंडाने म्हणता येईपर्यंत सर्कल ठेवूच नका. मध्ये बसणारं बाहेरचंच हवं, आणि तुम्ही सर्कलमध्ये गप्प राहिलेल्यांपैकी एक म्हणून बसा. न्यूझीलंडच्या १९८९ च्या कायद्यातल्या फॅमिली ग्रुप कॉन्फरन्समध्ये (गुन्हा केलेलं अल्पवयीन पोर, त्याच्या घरचे आणि नुकसान झालेला माणूस यांची बैठक) ज्याचं नुकसान झालं तो आधाराला आपली माणसं आणू शकतो, तसं ताईंच्या बाजूने त्यांच्या मैत्रिणी असू द्या, जागा आणि वेळ ताई सांगतील ती. नको म्हणाल्या तर नको, पण भरून काढायचं आपलं काम गटाने तरीही करायचं. एक सांगून ठेवतो, लैंगिक छळाची तक्रार असती तर हे सुचवलंच नसतं, कामाच्या ठिकाणच्या छळासाठी २०१३ चा कायदा आहे, ती त्यातल्या तक्रार समितीकडे जायला हवी.

धागाकर्ती

खूप आभार दादा. सर्कलचं तूर्त बाजूला ठेवते. बारा हजारांची बिलं आज त्याच ग्रुपवर टाकायला सांगितलीत आणि मी त्या रात्री गप्प बसले हे मीही तिथेच व्हॉइस नोटवर बोलणार आहे, म्हणजे ताईंना ते लेकीकडून वाचून घ्यायला नको. बुधवारी ताई कामावरून आल्या की संध्याकाळी सातनंतर वस्तीत जाऊन फक्त विचारून येते. मध्ये बसायला पुण्यात कोणी अनुभवी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, शक्यतो बाई असेल तर बरं.