दिशा बदलणारी एकच पाश्चात्य अभिजात रचना ऐकायची, तर कुठली?

नमस्कार मंडळी,
माझा कान पूर्णपणे हिंदुस्थानी संगीतावर पोसलेला. आता मुलगी पाश्चात्य पद्धतीनं व्हायोलिन शिकतेय आणि तिच्याबरोबर मलाही ते संगीत मनापासून ऐकायचंय. पन्नास-पन्नास नावांच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या नकोत. जिच्यानंतर संगीत पूर्वीसारखं राहिलं नाही अशी एकच रचना सुचवा, आणि तिच्यात नेमका कुठे कान ठेवायचा तेही सांगा.

प्रतिसाद १
ताई, डोळे मिटून बीथोव्हनची तिसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) घ्या, ‘एरोइका’. व्हिएन्नात १८०५ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा जाहीरपणे वाजली. त्याआधीच्या सिंफनी साधारण अर्ध्या तासात आटपायच्या, ही पाऊण तासाच्या पुढे जाते. पण लांबीचं सोडा.

सुरुवातीला अख्ख्या वाद्यवृंदाचे दोन ठोके येतात, मग चेलो (खर्जातली तंतुवाद्यं) मुखडा धरतात. ई फ्लॅटला षड्ज माना: सा ग सा, मंद्र प, सा ग प, सा, मंद्र नी... आणि लगेच कोमल नी. आपल्याला खमाज-देसमुळे दोन्ही निषाद अंगवळणी पडलेत. तिथे मात्र सुरू होऊन दहा सेकंदही झाली नाहीत तोच हा स्वर परका वाटतो. तो लक्षात ठेवा, कारण इथे तो पुन्हा शुद्ध निषादावर चढतो. पुढे दहा-बारा मिनिटांनी मुखडा परततो, तेव्हा तोच कोमल निषाद खाली धैवतावर उतरतो आणि रिषभाला षड्ज करून हॉर्न (पितळी फुंकवाद्य) मुखडा गातो. पहिल्याच ओळीत टाकलेल्या स्वराचं उत्तर इतक्या उशिरा! सिंफनीत एवढा दूरचा विचार करता येतो, हे पुढच्या शतकानं इथून उचललं.

आणखी एक जागा. मुखडा परतायच्या जरा आधी व्हायोलिनं अगदी दबक्या आवाजात थरथरत असतात, आणि हॉर्न एकटाच मुखडा सुरू करतो. सम यायच्या आधीच. तालमीच्या वेळी बीथोव्हनचा शिष्य रीस त्याच्या शेजारी उभा होता. वादक चुकला असं समजून तो तसं बोलून गेला आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. त्यानंच लिहून ठेवलंय.

प्रतिसाद २
एरोइकाबद्दल वाद नाही, पण घरात तबला ऐकला जात असेल तर माझं मत स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेला. पहिला प्रयोग पॅरिस, २९ मे १९१३. प्रेक्षागृहात इतका गोंधळ झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, आणि नृत्यदिग्दर्शक निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता. हे सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी नाचाशिवाय त्याच शहरात ती वाजली तेव्हा लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं, हे कमी सांगितलं जातं.

सुरुवातीचं ‘बसून’ (bassoon) हे फुंकवाद्य ऐकाच, ते नेहमीपेक्षा फार वरच्या पट्टीत लावलंय. त्यानंतर तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरसंघ (एकदम वाजणारे अनेक स्वर) एकसारखा ठोकत राहतात आणि आठ हॉर्न मधेच जोर देतात. टाळी देऊन बघा, पुढचा जोर कुठे पडेल ते हाताला कळत नाही.

प्रतिसाद ३
बासरी आवडत असेल तर दोघांच्याही आधी दब्युसीचं ‘फॉनची दुपार’ (१८९४) ऐका. दहाच मिनिटांचं आहे. एकटी बासरी लागोपाठच्या स्वरांवरून खाली घसरते, परत वर येते, आणि षड्ज कुठला ते सांगतच नाही. वॅग्नरचा ऑपेरा ‘ट्रिस्टन’ सावकाश घ्या, तिथे पहिल्या स्वरसंघाला खरी विश्रांती मिळायला चार तास लागतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एरोइकाचा पहिला भाग तीनदा ऐकला. कोमल निषाद पहिल्याच खेपेला सापडला, धैवतावर उतरलेला तिसऱ्या खेपेला. तेवढ्यात लेक व्हायोलिन घेऊन आली आणि तो मुखडा वाजवू लागली. ध्वनिमुद्रण कुणाचं घेऊ?

प्रतिसाद १
वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरचं १९४४ चं, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरचं. मग त्या काळच्या वाद्यांवरचं गार्डिनरचं. पण दोन्ही एकाच दिवशी नको. मधे दुसरा भाग ऐका, ती शोकयात्रा आहे. रात्री, घर शांत झाल्यावर.