वॉरंटीत असताना इग्निशन कॉइलचे पैसे मागतायत, फुकट बदलून कसं घ्यायचं?

घाटवाट (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे म्हणून सरळ सांगतो. माझी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, घेऊन २ वर्षं १० महिने झाले, ४१ हजार किलोमीटर. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे माझ्या हातात आता दोनच महिने उरलेत.

मागच्या रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो आणि गाडी एकदम धक्के द्यायला लागली. दुसऱ्या गियरला पाय दाबला तरी ओढच नाही, स्टिअरिंग थरथरतंय, चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, मागे आईबाबा बसलेले आणि शेजारून ट्रकची रांग. कशीबशी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी टो करून शोरूमच्या वर्कशॉपला नेली. स्कॅनर लावला, दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही, इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) गेली म्हणाले. इथपर्यंत ठीक. मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो, कॉइल-प्लग वॉरंटीत येत नाही सर, कंझ्युमेबल (वापरून झिजणारी वस्तू) आहे, आणि पेट्रोल भेसळीचं भरलं असणार. एस्टिमेट ५,४०० रुपये.

सहा महिन्यांपूर्वी तीन नंबरची कॉइल अशीच गेली होती तेव्हा २,९०० घेतले, मी गप देऊन टाकले कारण मला वाटलं खरंच नियम असेल. काल रात्री वॉरंटीचं पुस्तक पानन् पान वाचलं. न येणाऱ्या वस्तूंची यादी आहे, त्यात स्पार्क प्लग आहे, वायपर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब सगळं आहे. कॉइल कुठेच नाही. हे विचारलं तर म्हणे सिस्टीम घेत नाही. लेखी काहीच देत नाहीत. सर्व्हिस सगळ्या तिथेच केल्यात, बाहेरून वायरिंग नाही, सीएनजी किट नाही.

तर ही कॉइल फुकट कशी मिळवायची, आधीचे २,९०० परत मागता येतात का, आणि चारही कॉइल बदलून मागाव्यात का? घरातलं कोणी आता या गाडीत बसायला तयार नाही, त्याचं जास्त वाईट वाटतंय.

पाना_पक्कड

दादा, मी नाशिकला सात वर्षं अ‍ॅडव्हायझर होतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडचं सांगतो. वॉरंटीत पार्ट बदलला की डीलर कंपनीकडे क्लेम टाकतो, कंपनी पार्टचे आणि लेबरचे पैसे देते. डीलरच्या खिशातून काही जात नाही, पण क्लेम रिजेक्ट झाला तर जातं आणि ओरडा अ‍ॅडव्हायझरला बसतो. म्हणून जिथे थोडीही शंका असेल तिथे तो आधी पेडमध्ये ढकलून बघतो, गिऱ्हाईक बोललं नाही तर विषय संपला. तुमच्या तीन नंबरच्या वेळी हेच झालंय.

भेसळीचं कारण टिकत नाही. पेट्रोल खराब असेल तर चारही सिलिंडरना त्रास होईल, एकट्या दोन नंबरला कसा होईल? आणि कॉइलचा पेट्रोलशी संबंधच येत नाही, ती बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून हजारो व्होल्ट करून प्लगला देते, बस. हां, एका ठिकाणी ते तुम्हाला पकडू शकतात. प्लग जुना झाला की गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढतो, गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कॉइलवर ताण येतो. म्हणून मॅन्युअलमध्ये प्लग किती किलोमीटरला बदलायचा लिहिलंय ते आजच बघा आणि तुमच्या सर्व्हिस बिलात तो बदललाय का ते बघा. वेळेवर बदलला असेल तर हे कारणही गेलं. राहिला असेल तर प्लगचे पैसे द्या, त्यावर भांडू नका, पण कॉइलवर अडून बसा.

आता टेस्ट. आपल्यासमोर दोन नंबरची कॉइल काढून समजा चारला लावायला सांगा आणि चारची दोनला. कोड पुसा, इंजिन चालू करा. आधी पी०३०२ (दोन नंबरला मिसफायर) येत होता तो आता पी०३०४ (चार नंबरला) आला तर दोष कॉइलसोबत फिरला, म्हणजे कॉइलच खराब, प्लग नाही, वायरिंग नाही, इंजेक्टर नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, दोन कॉइलचे बोल्ट आणि सॉकेट, बस. स्कॅनरच्या स्क्रीनचा दोन्ही वेळचा फोटो काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार लिहितं तो कागद. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "चढावर मिसफायर, दिवा लुकलुकतो, सहा महिन्यांत दुसरी कॉइल". ते नुसतं "जनरल चेकअप" लिहितात, तसं लिहू देऊ नका. तारीख आणि किलोमीटर त्यावर आलं की वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदली गेली याचा पुरावा झाला. पेड एस्टिमेटवर सही करू नका. त्यांना म्हणा, वॉरंटी नाकारताय तर कारण जॉब कार्डवर लिहून शिक्का मारून द्या. मी इतक्या वर्षांत बघितलंय, इथे बहुतेक जण मॅनेजरला बोलावतात. मॅनेजरकडेही अडलं तर कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरची भेट मागा, तो वर्कशॉपला येत असतो.

अबोली_चिपळूण

दिवा लुकलुकत असेल तर गाडी अजिबात चालवू नका, टो केलीत ते फार बरं केलंत. नुसता पेटलेला दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा. आम्ही तीन दिवस तशीच दामटली, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन जळत राहिलं आणि तो खलास झाला. कॉइल वॉरंटीत मिळाली पण कन्व्हर्टरला म्हणाले दिवा दिसत असताना चालवली ही तुमची चूक, आणि खरं तर त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. फार महागात पडलं.

अजून एक, इंजिन प्रेशरने धुवून घेता का? प्लगच्या खड्ड्यात पाणी साचून कॉइलचं रबर खराब होतं. कॉइल काढताना खाली गंज किंवा पाण्याचा डाग आहे का बघा. नसेल तर तोही फोटो काढून ठेवा, नाहीतर उद्या तेच कारण सांगतील.

मिशिगनकर

मी इकडे डेट्रॉईटजवळ राहतो, गाड्यांच्याच कामात आहे. एक गोष्ट सांगतो, जुन्या आणि नव्या कॉइलवरचा पार्ट नंबर लिहून ठेवा.

२०१४ मध्ये इकडे जनरल मोटर्सने इग्निशन स्विचसाठी २६ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. किल्लीच्या जुडग्याचा भार पडला किंवा खड्ड्यात गाडी आदळली की स्विच चालू गाडीत आपोआप मागे फिरायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग जड आणि एअरबॅगही उघडायची नाही. १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीने मान्य केली. तो स्विच २००६ मध्येच सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे नवीन गाड्यांत दोष का दिसत नाही हे शोधायला वर्षं गेली. मला हे आजही पटत नाही, एका छोट्या स्प्रिंगमुळे माणसं गेली. तेव्हा सगळ्या डीलरनी स्विच फुकट बदलून दिले, कारण तो रिकॉल होता आणि रिकॉलमध्ये वॉरंटी संपली की नाही हा प्रश्नच येत नाही.

तुमच्या नव्या कॉइलचा नंबर जुन्यापेक्षा शेवटच्या अक्षरात वेगळा असेल तर बरेचदा त्याचा अर्थ कंपनीने पार्टमध्ये काहीतरी बदल केलाय. एरिया मॅनेजरला सरळ विचारा, का बदलला.

तक्रारवही

रिकॉलचं निघालंच आहे तर, कंपनीच्या वेबसाईटवर चेसिस नंबर टाकून बघा. आपल्याकडेही कॉइलसाठी रिकॉल झालाय, मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर, क्लासिक, बुलेट मिळून २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या होत्या, मिसफायर आणि क्वचित शॉर्टसर्किटची शक्यता होती म्हणून.

तुमच्या केसमध्ये आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, फोन नको. दोन्ही जॉब कार्ड, २,९०० चं बिल आणि पुस्तकातल्या त्या यादीचा फोटो जोडा. मागणी एका ओळीत लिहा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला नोंदवा, मराठीत बोलता येतं, तक्रार थेट कंपनीकडे जाते. मी दोनदा वापरलीय, दोन्हीदा काम झालं. शेवटचा उपाय जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे साताऱ्यात दाखल करू शकता, मुदत दोन वर्षांची, त्यामुळे २,९०० चं प्रकरणही अजून मुदतीत आहे. फी तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरते, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही.

चार कॉइल मागू नका असं माझं मत. न बिघडलेला पार्ट ते देणार नाहीत आणि त्या वादात हक्काची मागणी मागे पडेल.

घाटवाट (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सकाळी जाऊन आलो. प्लग ४० हजारला बदलल्याचं त्यांच्याच बिलात सापडलं. कॉइलची अदलाबदल करायला आधी नको म्हणाले, मग मॅनेजर आला, तो स्वतः उभा राहिला. दोनची कॉइल चारला लावली, पाच मिनिटं इंजिन थरथरलं आणि स्क्रीनवर पी०३०४. मेकॅनिक पोरगा हळूच म्हणाला, साहेब कॉइलच आहे. काढलेल्या कॉइलच्या रबरावर केसासारखी बारीक चीर होती, बोटाने दाबली की उघडत होती, खाली पाणी-गंज काही नाही.

लेखी नकार द्या म्हटल्यावर मॅनेजर दहा मिनिटं आत जाऊन आला आणि म्हणाला क्लेम टाकतो. कॉइल आली, बसवली, बिल शून्य. पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर खरंच वेगळं आहे, जुन्यावर ए, नव्यावर सी. का ते तिथे कोणी सांगू शकलं नाही, म्हणून मेलमध्ये तो प्रश्न टाकलाय आणि २,९०० ची मागणी पण. एक आणि चार नंबरच्या कॉइलही ए वाल्याच आहेत, हे जॉब कार्डवर लिहून घेतलं. येताना बाबा पुढच्या सीटवर बसले होते.