कापूस 'साठ हजारांवर', पण कुठला?

एकाने विचारलं होतं की टीव्हीवर 'कापूस साठ हजारांवर' म्हणतात, मग जळगाव जिल्ह्यात चोपडा-धरणगावकडे खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा) शेतकऱ्याला सहा-सात हजारच का मिळतात? अहो, तो भाव खंडीचा. खंडी म्हणजे ३५६ किलो, आणि तीही रुईची, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाची. शेतकरी विकतो सरकीसकट कापूस, क्विंटलवर. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो. साठ हजारांच्या खंडीत रुई किलोला १६८ रुपये पडते, म्हणजे रुईचे झाले ५,७०० च्या आसपास. त्यात सरकीचे पैसे मिळवा, जिनिंगचा (सरकी वेगळी काढण्याचा) खर्च नि जिनवाल्याचा नफा वजा करा. ओलावा दाखवून व्यापारी भाव तोडतो ते आणखी निराळं!

टक्क्यांचीही तीच गंमत. समजा केळी क्विंटलला २,००० वरून १,००० वर आली, तर घसरण ५० टक्के. परत २,००० झाली की मथळा येणार, 'केळीत शंभर टक्के तेजी'. रावेरच्या बागायतदाराला जादा एक रुपया नाही.

रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर) मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये ४ वरून ६.५ टक्के झाला, त्याला सर्रास 'अडीच टक्के वाढ' म्हटलं जातं. ते अडीच टक्केबिंदू; टक्क्यांत मोजलं तर वाढ साडेबासष्ट टक्के.