विषय: इंटरव्ह्यूची उत्तरं पाठ करावीत का?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,
पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. नेहमीच्या पंधरा-वीस प्रश्नांची उत्तरं अख्खी लिहून पाठ करावीत, की नुसते मुद्दे काढावेत? "स्वतःबद्दल सांगा" किती लांबवायचं?

---

प्रेषक: श्रीकांत

मृणाल, अख्खी उत्तरं पाठ करू नकोस. प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेली वाक्यं बसत नाहीत, मग माणूस विचारलेलं सोडून तयार उत्तराकडे ओढला जातो आणि पॅनेलला ते लगेच कळतं. पहिलं वाक्य आणि आकडे तेवढे तोंडपाठ ठेव.

प्रश्नांऐवजी प्रसंग तयार कर. सहा ते आठ पुरतात: सहकाऱ्याशी मतभेद, फसलेलं काम, अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय, हातात अधिकार नसताना लोकांना राजी करणं, डेडलाइन हुकण्याची वेळ, स्वतःहून केलेली सुधारणा. मग तक्ता आख. डावीकडे प्रसंग, वरती जाहिरातीतल्या अपेक्षा, आणि लागू पडेल तिथे खूण. एखादा रकाना कोरा राहिला तर तिथे नेमका प्रश्न येणार असं धरून चाल. सगळ्या खुणा एकाच प्रसंगासमोर असतील तर दुसरा शोध, कारण तिसऱ्यांदा तोच प्रोजेक्ट ऐकताना समोरचा कंटाळतो.

प्रसंग सांगायची "स्टार" पद्धत बहुतेकांना माहीत असते: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. गडबड होते ती वेळेच्या वाटणीत. दोन मिनिटांच्या उत्तरात पहिल्या दोन्हींना मिळून तीस सेकंद, कृतीला सव्वा मिनिट, परिणामाला पंधरा सेकंद. प्रत्यक्षात कंपनीची रचना आणि प्रोजेक्टचा इतिहास सांगण्यातच मिनिट जातं, आणि कृती "मग टीमने ते सोडवलं" एवढ्यावर उरकते. गुण असतात ते नेमके तिथे. तू काय पाहिलंस, कोणते पर्याय होते, हाच का निवडलास, हे आलं पाहिजे.

परिणाम सांगताना आधी किती, नंतर किती, आणि कशावरून मोजलं. आकडा अंदाजाचा असेल तर तसं म्हण. फुगवलेला आकडा दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडा पडतो.

---

प्रेषक: नीलिमा

श्रीकांतदादांच्या मेलला थोडी पुरवणी. "काय केलंत?" आणि "असं झालं तर काय कराल?" हे प्रश्न वेगळे. काल्पनिक प्रसंगावरच्या मुलाखतीची पद्धत गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. घडलेल्या वर्तनावरची टॉम जान्झ यांनी १९८२ मध्ये. काल्पनिक प्रश्नाला "स्टार" ओढूनताणून लावू नका. आधी कोणती माहिती विचारून घ्याल ते सांगा, मग पहिलं पाऊल, मग ते फसलं तर काय. तसा अनुभव असेल तर शेवटी एका वाक्यात जोडा.

"स्वतःबद्दल सांगा" साठ ते नव्वद सेकंद. आत्ताचं काम, या जागेशी जुळणारी मागची एक-दोन कामं, आणि हीच जागा का. शाळा, घरची मंडळी, छंद यातलं काही नको. रेझ्युमे त्यांच्या समोरच असतो, वरपासून खालपर्यंत वाचून दाखवू नका.

उणीव विचारली तर "मी परफेक्शनिस्ट आहे" हे कृपा करून म्हणू नका! खरी सांगा, पण त्या कामाच्या गाभ्याची नको. हिशेबाच्या जागेसाठी "बारकावे सुटतात" म्हटलं की विषय संपला. "मोठ्या बैठकीत बोलायला कचरते" चालेल, पण सोबत उपाय हवा: आधी दोन मुद्दे लिहून नेते आणि पहिल्या दहा मिनिटांत एक मांडते.

नोकरी का सोडली, मध्ये खंड का पडला: दोन-तीन वाक्यं, पुरे. लांबलं की सारवासारव वाटते.

पगाराबाबत आधी तुम्हीच विचारा, "या जागेसाठी किती तरतूद आहे?" आग्रह झालाच तर खालचा आणि वरचा आकडा द्या. खालचा असा हवा की तेवढाच मिळाला तरी चालेल, कारण बोलणी तिथूनच सुरू होतात.

---

प्रेषक: मृणाल

दोघांचेही आभार. सराव कसा करू? व्हिडिओ कॉल आहे.

---

प्रेषक: श्रीकांत

फोनवर रेकॉर्ड कर आणि आधी फक्त ऐक, बघू नकोस. कृतीपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोज. मग तोच प्रसंग दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगून पाहा. शब्द दर वेळी बदलले तर उत्तम.

कॉलच्या वेळी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक चिठ्ठी लाव, प्रत्येक प्रसंगाचे तीन शब्द आणि आकडे. वाक्यं लिहिलीस तर डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. प्रश्न कळला नाही तर लगेच विचार, "आपण अमुकबद्दल विचारताय ना?" विचाराला पाच सेकंद घेतलेस तर काही बिघडत नाही, फक्त "एक क्षण विचार करते" असं म्हण, नाहीतर त्यांना वाटतं कनेक्शन गेलं.